गठ्ठा लांबून दिसतो

आम्ही डेट्रॉइटच्या उपनगरांत राहणारी मराठी माणसं हॅमट्रॅमिकचं नाव पूर्वी वर्षातून एकदाच काढायचो. फेब्रुवारी-मार्चमध्ये, लेंट (ख्रिश्चनांचा ईस्टरआधीचा उपवासकाळ) सुरू होण्याच्या आदल्या मंगळवारी, तिथल्या पोलिश बेकरीसमोर थंडीत रांग लावून पोंच्की आणायला यंदा कोण जाणार, एवढ्यापुरतं. (आत मुरंबा भरलेला तळलेला गोळा. दोन खाल्ले की रात्रीचं जेवण नको होतं.) २०२४ च्या नोव्हेंबरातल्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीपासून मात्र फराळाला, वाढदिवसाला, कुठेही चार डोकी जमली की मोठी मुस्लिम वस्ती असलेलं हॅमट्रॅमिक निघतंच, आणि दर वेळी तोच वाद त्याच दोन बाजूंनी होतो. एक बाजू म्हणते, बघा, मुसलमानांची मतं एकगठ्ठा पडतात हे आम्ही कधीपासून सांगतोय. दुसरी बाजू सगळी डेमोक्रॅट. ती दुखावलेल्या आवाजात म्हणते, या लोकांच्या पाठीशी आम्ही इतकी वर्षं उभे राहिलो आणि यांनी ट्रम्पला मतं दिली. दोघं एकमेकांवर तावातावानं ओरडत असतात. पण नीट ऐकलं तर दोघांचं मुळात एकमत आहे: मतं गठ्ठ्यानं असतात आणि गठ्ठ्याला मालक असतो. भांडण आहे ते फक्त मालक कोण यावर. माझं म्हणणं असं की हे गृहीतकच खोटं आहे, आणि ते खोटं आहे हे दाखवायला हॅमट्रॅमिकइतकं चांगलं गाव अमेरिकेत शोधून सापडायचं नाही.

गाव कसलं, तो डेट्रॉइट शहराच्या पोटातला एक तुकडा आहे. जेमतेम साडेपाच चौरस किलोमीटर, चारी बाजूंनी जवळजवळ डेट्रॉइटच. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या २८,४३३. आपल्याकडे एवढ्या वस्तीला नगरपालिका असते आणि तिचा अध्यक्ष कोण हे पुढच्या तालुक्यातही कुणाला ठाऊक नसतं. १९१० साली इथे साडेतीन हजार लोक होते आणि त्यांत जर्मन शेतकऱ्यांचा वरचष्मा होता. मग डॉज बंधूंचा मोटारींचा कारखाना आला, कारखान्यामागून पोलंडहून कामगार आले, आणि दहा वर्षांत वस्ती ४८ हजारांच्या वर गेली. १९२२ साली शहराचा दर्जा मिळाला. तेव्हापासून २०२१ पर्यंत, म्हणजे जवळपास शंभर वर्षं, महापौर पोलिश वंशाचाच. १९८० साली डॉजचा कारखाना बंद पडला, पोलिश कुटुंबांची पुढची पिढी उत्तरेच्या उपनगरांत गेली, आणि रिकाम्या, स्वस्त घरांत येमेनी, बांगलादेशी, बोस्नियन माणसं आली. २०१५ साली नगर परिषदेत मुस्लिम बहुसंख्य झाले. अमेरिकेत हे पहिल्यांदाच घडत होतं. २०२१ च्या निवडणुकीत येमेनमध्ये जन्मलेले अमेर गालिब महापौर झाले आणि परिषदेतले सहाच्या सहा नगरसेवक मुस्लिम झाले. त्या सहांमधली एक पोलिश वंशाची, इस्लाम स्वीकारलेली तरुण बाई होती. बातम्यांच्या मथळ्यांत 'संपूर्ण मुस्लिम परिषद' एवढंच आलं.

आता आकडे. २०२० मध्ये बायडेनना या शहरात सुमारे ८५ टक्के मतं पडली. २०२४ मध्ये कमला हॅरिस यांना ४६ टक्क्यांच्या आसपास, ट्रम्प यांना ४३ च्या आसपास, आणि ग्रीन पक्षाच्या जिल स्टाइन यांना ९ च्या आसपास. पहिली गोष्ट, जी दोन्ही बाजू विसरतात: ट्रम्प हॅमट्रॅमिक जिंकलेच नाहीत. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. यातला गठ्ठा कुठला? ८५ टक्के एका बाजूला पडले तेव्हा आमच्या डेमोक्रॅट मित्रांनी 'जागरूक मतदार' म्हणून पाठ थोपटली. तीच माणसं चार वर्षांनी तीन वाटांनी गेली, तर त्यांना 'एकगठ्ठा' म्हणायचं? मराठीत एकगठ्ठा या शब्दाचा अर्थ अजून तरी बदललेला नाही. अर्थात शहराच्या एकूण आकड्यांवरून कुठल्या धर्माच्या माणसानं काय केलं ते काढता येत नाही. मतपेटीत धर्म लिहिलेला नसतो, आणि इथे पोलिश आहेत, कृष्णवर्णीय आहेत, स्वस्त भाड्यासाठी आलेली कलाकार मंडळी आहेत. पण एवढ्या लहान शहरात एका निवडणुकीतून दुसरीत चाळीस टक्क्यांची घसरण फक्त पोलिश आजीआजोबांनी घडवली असं कुणी म्हणणार नाही. मोठ्या संख्येनं मुस्लिम मतदार हलले, आणि हलताना एका दिशेनं गेले नाहीत.

मग ते ८५ टक्के काय होते? तिथे माझ्या विरोधकांचा मुद्दा खरा आहे, तो मी मान्य करतो. तो गठ्ठाच होता. पण गठ्ठा बांधायला दोरी लागते, आणि ती बहुतेक वेळा बाहेरून येते. १९९९ च्या नोव्हेंबरमध्ये हॅमट्रॅमिकच्या मतदान केंद्रांवर एका नागरिक गटाची माणसं उभी राहिली आणि ज्यांची कातडी सावळी, ज्यांची नावं अरबी वाटणारी, अशा मतदारांच्या नागरिकत्वावर हरकत घेऊ लागली. चाळीसहून अधिक मतदारांना, नागरिक असल्याची शपथ घेतल्याशिवाय मतपत्रिका मिळाली नाही. गोऱ्यांना कुणी हटकलं नाही. केंद्रीय न्याय खात्यानं २००० साली खटला भरला, आणि पुढच्या निवडणुकांवर संघीय निरीक्षक बसले. त्या रांगेत उभं राहून ज्यानं शपथ घेतली तो पुढच्या वेळी कुणाला मत देईल हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. २०१७ च्या जानेवारीत ट्रम्प यांनी ज्या देशांच्या लोकांवर प्रवेशबंदी घातली त्यांत येमेन होता. म्हणजे या शहरातल्या कुणाची आई, कुणाची बायको, कुणाचा मुलगा अडकून पडला. २०२० चे ८५ टक्के डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रेमापोटी आलेले नव्हते. पक्षाला मात्र तसं वाटलं, कारण मतं आली की ती आपल्या गुणांवर आली असं वाटणं हा सगळ्याच पक्षांचा स्वभाव आहे.

२०२३ च्या ऑक्टोबरनंतर ती दोरी तुटली. गाझात जे चाललं होतं त्याला शस्त्रं पुरवणारं सरकार त्यांनीच निवडलेलं होतं. २०२४ च्या फेब्रुवारीत मिशिगन राज्याच्या प्राथमिक, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या, निवडणुकीत डेमोक्रॅटिक मतपत्रिकेवर 'अनकमिटेड', म्हणजे कुणालाच बांधील नाही, असा पर्याय होता. राज्यभर लाखाहून अधिक लोकांनी तो निवडला, हॅमट्रॅमिकमध्ये सुमारे ६१ टक्क्यांनी. नोव्हेंबरच्या निवडणुकीला आठ महिने बाकी होते. याला पाठीत खंजीर म्हणायचं? खंजीर खुपसणारा माणूस आठ महिने आधी लेखी कळवत नाही. आणि पुढे काय झालं? सप्टेंबरात महापौर गालिब यांनी ट्रम्पना पाठिंबा दिला, ऑक्टोबरात ट्रम्प स्वतः हॅमट्रॅमिकमध्ये येऊन प्रचार कार्यालयात बसले. २८ हजारांच्या गावात माजी राष्ट्राध्यक्ष मत मागायला आला, ही गोष्ट आमच्या उपनगरांतल्या लोकांना क्षुल्लक वाटते. ज्या वाडीत आमदार दहा वर्षांत एकदा आला त्या वाडीतल्या माणसाला विचारा.

झेंड्याच्या प्रकरणाचं काय, हा प्रश्न इथे येणारच, आणि तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. १३ जून २०२३ रोजी हॅमट्रॅमिकच्या परिषदेनं एकमतानं ठराव केला: शहराच्या खांबांवर देशाचा, राज्याचा, शहराचा, युद्धकैद्यांच्या स्मरणार्थ असलेला, आणि इथल्या रहिवाशांच्या मूळ देशांचे झेंडे लागतील, बाकी कुठलाही नाही. ठरावात कुठल्या एका गटाचं नाव नव्हतं; धार्मिक, वांशिक, राजकीय आणि लैंगिक कलावर आधारलेल्या सगळ्याच गटांच्या झेंड्यांना मनाई होती. पण जून हा समलिंगी समाजाच्या 'प्राइड'चा महिना, आधीच्या महापौरांच्या काळात त्यांचा इंद्रधनुषी झेंडा लागला होता, आणि सभागृहात कोण कशासाठी टाळ्या वाजवत होतं ते सगळ्यांना दिसत होतं. माजी महापौर कॅरन मायेव्स्की यांनी तेव्हा जे बोलून दाखवलं ते मला आजही बोचतं. त्यांचा आशय असा होता की तुमच्यावर संकट होतं तेव्हा आम्ही तुमच्या बाजूनं उभे राहिलो, आणि आता आमच्यावर संकट आहे तर ते आणणारे तुम्हीच आहात. ही तक्रार खोटी नाही. २००४ मध्ये भोंग्यावरून अजान द्यायला परवानगी देण्याचा प्रश्न या शहरात मतदानापर्यंत गेला, देशभरातून कॅमेरे आले, आणि परवानगी टिकली ती केवळ मुस्लिम मतांवर नव्हे. तेव्हा ती संख्या नव्हतीच. बिगरमुस्लिम शेजाऱ्यांनी साथ दिली होती. पुढे झेंड्याच्या ठरावावर खटला झाला आणि २०२५ मध्ये संघीय न्यायाधीशांनी शहराच्या बाजूनं निकाल दिला. म्हणजे ठराव कायद्यात बसतो. तरीही तो मला चुकीचा वाटतो, आणि ज्या नगरसेवकांनी हात वर केले त्यांना त्याचा जाब विचारला पाहिजे. कालचा अल्पसंख्य आज बहुसंख्य झाला की त्याला आपली कालची जागा आठवायला हवी, ही अपेक्षा अवाजवी नाही.

पण या प्रसंगावरून जो निष्कर्ष काढला जातो, तो मला पटत नाही. निष्कर्ष असा: हे एक उदार, सगळ्यांना सामावून घेणारं गाव होतं, ते 'त्यांच्या' हातात गेलं आणि संकुचित झालं. होतं का ते तसं? १९६० च्या दशकात हॅमट्रॅमिकच्या पोलिश बहुसंख्य परिषदेनं शहरसुधारणेच्या नावाखाली ज्या वस्त्या पाडल्या त्या नेमक्या कृष्णवर्णीयांच्या होत्या. १९६८ मध्ये खटला दाखल झाला आणि १९७१ मध्ये न्यायमूर्ती डेमन कीथ यांनी निकाल दिला की शहरानं जाणूनबुजून कृष्णवर्णीय रहिवाशांना हुसकावलं. भरपाई म्हणून घरं बांधून द्यायची होती. त्यातली शेवटची घरं उभी राहायला जवळपास चाळीस वर्षं गेली, तोवर कितीतरी दावेदार वारले. आणि २००८ घ्या. समलिंगी व्यक्तींविरुद्ध घर आणि नोकरीत भेदभाव करू नये असा नियम परिषदेनं केला, आणि त्याच नोव्हेंबरात, ज्या दिवशी ओबामा निवडून आले त्या दिवशी, हॅमट्रॅमिकच्या मतदारांनी तो जनमतानं फेटाळला. त्या वेळी परिषद मुस्लिम बहुसंख्य नव्हती, महापौर पोलिश होत्या आणि त्या नियमाच्या बाजूच्या होत्या. विरोधात कॅथलिक आणि मुस्लिम खांद्याला खांदा लावून होते. २०२३ चा ठराव आभाळातून पडलेला नाही. या गावात तो आधीपासून मुरलेला होता, कॅथलिक चर्चच्या सावलीत. हे सांगून मी ठरावाचं समर्थन करत नाही. ज्याचा दोष त्याच्या पदरात घाला, पण पूर्ण दोषाची वाटणी करताना आधीच्या शंभर वर्षांना सूट का?

आणि कृतज्ञतेचं म्हणाल तर, तिची वसुली मतपत्रिकेतून करायची असते हे कुठे लिहिलंय? शेजाऱ्याच्या घराला आग लागली तेव्हा आपण पाणी ओतलं, म्हणून त्यानं जन्मभर आपण सांगू त्याला मत द्यावं? असा हिशेब मनात ठेवून पाणी ओतणाऱ्याला आपल्याकडे मदत करणारा म्हणत नाहीत, सावकार म्हणतात.

माझ्या बाजूला छळणारा दुसरा मुद्दा याहून कठीण आहे. लोक म्हणतात, राष्ट्राध्यक्षपदाचं राहू द्या, पण शहराच्या निवडणुकीत तर सरळसरळ आपापल्या लोकांची पॅनेलं चालतात. सहाच्या सहा जागा एकाच धर्माला जातात, याला गठ्ठा नाही तर काय म्हणायचं? चालतात, हे खरं. बांगलादेशी पट्ट्यात कॉनंट रस्त्यावर फिरलात तर निवडणुकीच्या दिवसांत दुकानांच्या काचांवर तीन-तीन नावं एकत्र दिसतील, बांगला लिपीत. २०११ पासून इथे मतपत्रिकाही बांगलामध्ये द्यावी लागते, कायद्यानं. पण सहाच्या सहा जागांचं गूढ धर्मात शोधण्याआधी नियमांचं पुस्तक उघडा. हॅमट्रॅमिकला वॉर्ड नाहीत. सगळे नगरसेवक संपूर्ण शहरातून निवडले जातात, एका वेळी तीन, प्रत्येक मतदाराला तीन मतं, पक्षचिन्ह नाही. अशा पद्धतीत पंचावन्न टक्के लोक एका बाजूला असले तर तिन्ही जागा त्यांच्या, आणि उरलेल्या पंचेचाळीस टक्क्यांच्या वाट्याला शून्य. ही पद्धत मुसलमानांनी आणलेली नाही. याच पद्धतीनं अनेक दशकं पोलिश नावांच्या याद्या निवडून येत होत्या, तेव्हा तिला 'अमेरिकन स्वप्न' म्हणत. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे समजावून सांगायची गरजच पडू नये. महापालिकेत चार सदस्यांचा प्रभाग केला की मोठ्या पक्षाचं पॅनेल कसं अख्खं निघून येतं आणि एकटा चांगला उमेदवार कसा वाहून जातो, हे आपण डोळ्यांनी पाहतो. सोसायटीच्या, कारखान्याच्या निवडणुकीत तर पाहतोच पाहतो.

त्यात भर म्हणजे मतदान विषम वर्षी, राष्ट्राध्यक्ष नाही की गव्हर्नर नाही. २०२५ च्या महापौरपदाला या २८ हजारांच्या शहरात दोन्ही उमेदवारांना मिळून चारेक हजार मतं पडली. चार हजारांत ज्याचा मावसभाऊ जास्त तो जिंकतो. यावर उपाय आहे, आणि तो हाकेच्या अंतरावर आहे. डेट्रॉइटच्या ईशान्येला लागून असलेल्या ईस्टपॉइंटमध्ये कृष्णवर्णीय मतदारांची मतं अशाच पद्धतीत वर्षानुवर्षं बुडत होती. न्याय खात्यानं खटला भरला, तडजोड झाली, आणि २०१९ पासून तिथे नगरसेवक पसंतीक्रमानं निवडायला सुरुवात झाली. त्यामुळे लहान गटालाही त्याच्या संख्येइतकी जागा मिळण्याची सोय झाली. हॅमट्रॅमिकमध्ये तेच केलं तर उद्या इंद्रधनुषी झेंड्याच्या बाजूचा एखादा नगरसेवक नक्की बसेल. 'त्यांची मतं एकगठ्ठा' म्हणून कपाळाला हात लावण्यापेक्षा हे मागा ना. पण ते कुणी मागत नाही, कारण त्यात कुणाचा अपमान करण्याची मजा नाही.

जागांच्या गणितावरून आठवलं. हॅमट्रॅमिक ज्या मतदारसंघात येतं, मिशिगनचा तेरावा, तिथले अमेरिकी काँग्रेसचे, म्हणजे संसदेचे, सदस्य आहेत श्री ठाणेदार. आपल्या बेळगावचे. २०२२ साली ते निवडून आले तेव्हा आमच्याकडे पेढे वाटले गेले, आणि मीही खाल्ले. पण ते प्राथमिक फेरी जिंकले २८ टक्क्यांवर. नऊ उमेदवार होते, कृष्णवर्णीय मतं त्यांत वाटली गेली, आणि सातेक दशकांत पहिल्यांदा डेट्रॉइटला काँग्रेसमध्ये एकही कृष्णवर्णीय प्रतिनिधी उरला नाही. तिथल्या नेत्यांनी हळहळ व्यक्त केली, काहींनी रागही. आपल्यातल्या एकानं तरी म्हटलं का, अरे, मराठी माणसांनी एकगठ्ठा मतदान करून डेट्रॉइट बळकावलं? हास्यास्पद वाटतं ना? कारण आपण आत आहोत, आणि आतून गठ्ठा दिसत नाही. आपल्याला ठाऊक असतं की आमच्यातला अमुक रिपब्लिकन, तमुक मतदान करतच नाही, आणि तिसऱ्याचं ठाणेदारांशी पटत नाही.

हाच न्याय मालेगावला लावा. २०२४ च्या मे महिन्यात धुळे लोकसभेत सहापैकी पाच विधानसभा क्षेत्रांत भाजप पुढे होता, आणि एकट्या मालेगाव मध्यनं काँग्रेसला सुमारे १ लाख ९४ हजारांची आघाडी दिली. निकाल ३,८३१ मतांनी फिरला. त्यावरून 'व्होट जिहाद' हा आरोप राज्यात गाजला आणि विधानसभेपर्यंत पुरला. मे महिन्यातला तो गठ्ठा होता यात शंका नाही. पण सहा महिन्यांनी त्याच मालेगाव मध्यमध्ये काय झालं? दोन मुस्लिम उमेदवारांमध्ये मतं अशी विभागली गेली की निकाल लागला अवघ्या १६२ मतांनी. राज्यातला सगळ्यांत चुरशीचा. तेच मतदार, तीच गल्ली, तेच यंत्रमाग. मेमध्ये त्यांना समोर धोका दिसत होता, नोव्हेंबरात समोर दोन ओळखीचे लोक होते. मे महिन्याची बातमी सगळ्यांच्या लक्षात आहे. १६२ चा आकडा किती जणांना आठवतो?

इथे कुणी म्हणेल, मग ट्रम्पना मत देऊन हॅमट्रॅमिकच्या लोकांनी शहाणपणा केला का? मला नाही वाटत. २०२५ च्या जूनमध्ये नवी प्रवेशबंदी आली आणि तिच्यात येमेन पुन्हा होता. गालिब यांना कुवेतचं राजदूतपद देऊ केलं, आणि सेनेटच्या सुनावणीत त्यांना सगळ्यांत जास्त झोडपलं ते रिपब्लिकन सेनेटरांनीच, त्यांच्या जुन्या पोस्ट काढून. ज्यांनी रागाच्या भरात मत दिलं त्यांतले काही पस्तावले असतील. पण चुकायचा हक्क मतदाराला असतोच की. १९६० मध्ये केनेडी हॅमट्रॅमिकच्या कीवर्थ मैदानावर प्रचाराला आले होते. त्या गर्दीतल्या पोलिश कामगारांची मुलं पुढे मॅकोम्ब काउंटीत, वॉरन आणि स्टर्लिंग हाइट्समध्ये बंगले बांधून राहिली. १९६० मध्ये ती काउंटी देशातल्या सगळ्यांत डेमोक्रॅटिक उपनगरी भागांत मोजली जायची. १९८४ मध्ये तिथल्या दोन-तृतीयांश मतदारांनी रेगनना मत दिलं, ज्यांच्या कारकिर्दीत कामगार संघटनांचं कंबरडं मोडलं त्या रेगनना. तेव्हा त्यांना कुणी कृतघ्न म्हणालं नाही, त्यांच्या धर्मावर परिसंवाद भरले नाहीत. स्टॅन ग्रीनबर्ग नावाचे सर्वेक्षणतज्ज्ञ तिथे जाऊन त्यांच्यासमोर बसले, त्यांना काय डाचतंय ते ऐकलं, आणि 'रेगन डेमोक्रॅट' या शब्दाला प्रतिष्ठा मिळाली. आजोबा पोलिश असेल तर पक्ष बदलणारा मतदार अभ्यासाचा विषय, आणि आजोबा येमेनी असेल तर विश्वासघातकी?

गैरप्रकारांचं एक उरलं. २०२५ मध्ये हॅमट्रॅमिकच्या दोन नगरसेवकांवर टपाली मतपत्रिकांत फेरफार केल्याचे गुन्हे दाखल झाले. आरोप गंभीर आहेत, न्यायालयात ठरेल. सिद्ध झाले तर तुरुंगात जावं. शहराचे पहिले महापौर पीटर येझेव्स्की हेही दारूबंदीच्या काळात दारूच्या कटात दोषी ठरून तुरुंगात गेले होते. त्यावरून पोलिश लोकांना लोकशाही पेलत नाही असं म्हणणारे तेव्हा पुष्कळ होते. त्यांची नावं आज कुणाला माहीत नाहीत.

गालिब पुन्हा उभे राहिले नाहीत. २०२५ च्या नोव्हेंबरात महापौरपदासाठी दोघं समोरासमोर आले, एक येमेनी वंशाचा, एक बांगलादेशी, दोघंही मुस्लिम. पहिल्या मोजणीत फरक निघाला ११ मतांचा. मग लिपिकाच्या कार्यालयात न मोजलेल्या ३७ टपाली मतपत्रिका सापडल्या, आणि त्या कुणाच्या ताब्यात होत्या, त्यांना कुणी हात लावला, मोजायच्या की नाही, यावर वकिलांची फौज उभी राहिली. त्या आठवड्यात एका घरी जेवायला गेलो होतो. एकगठ्ठावाले आमचे मित्र ताटावरून मान वर करून म्हणाले, "ते हॅमट्रॅमिकचं काय झालं हो? त्यांचा माणूस आला का?"

"दोघंही त्यांचेच होते," मी म्हटलं.

त्यांनी थोडा विचार केला. "मग ११ मतांनी का?"